दबणारी भिंत

आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत अंगठ्याने दाबली की आत जायची. हे मी कुणाला नुसते सांगितले तर लोक माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत. म्हणून सांगणे सोडले आणि हाताला धरून न्यायला लागले. भिंतीपाशी उभे करायचे आणि म्हणायचे, दाब. दाबणाऱ्याचे तोंड बघण्यासारखे होई. भिंत टणक असते हे कुणी कुणाला शिकवत नाही. ते खोटे निघाले की काय बोलावे ते सुचत नाही. मलाही सुचले नव्हते.

घर माझ्या मोठ्या मुलाने बांधले. तो शाळेत मास्तर आहे आणि शेतीही बघतो. मेहकरच्या बाहेर डोणगावच्या रस्त्याला प्लॉट पडले तेव्हा त्याने एक घेतला. बांधकाम चालू असताना मी रोज तिथे जाऊन बसायची, नळीने विटांवर पाणी मारायची. विटा चांगल्या भाजलेल्या होत्या. सिमेंटचा गिलावा झाला, मला वाटले आता रंग दिला की संपले. मग एक दिवस टेम्पोतून थर्माकोलचे मोठमोठे पत्रे उतरले. टीव्हीच्या खोक्यात निघतो तोच पांढरा थर्माकोल, फक्त जाड. मी मुलाला विचारले, कुणाचे सामान आपल्या दारात उतरवले. तो म्हणाला, आपलेच आहे, भिंतीला लावायचे आहे.

धाकटा मुलगा पुण्याला असतो. त्याच्या ऑफिसच्या इमारतीला तसे केलेले मोठ्याने पाहिले होते. माझी खोली खालच्या मजल्यावर पश्चिमेला आहे. वैशाखात दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन त्याच भिंतीवर असते. माझ्या गुडघ्यांमुळे वरची खोली मला चालत नाही, म्हणून खालचीच दिली होती. तेव्हा पश्चिमेला आणि समोरून थर्माकोल लावायचा, म्हणजे घर थंड राहील आणि कूलरची गरज पडणार नाही, असे त्याने ठरवले. मला विचारले नाही. विचारले असते तरी मला काही सांगता आले नसते.

काम करायला संभाजीनगरचा कंत्राटदार आला. त्याच्या माणसांनी गिलाव्यावर डिंकासारखे काही लावून पत्रे चिकटवले. त्यावर पांढरी जाळी, मच्छरदाणीपेक्षा जाड, ती सिमेंटसारख्या लगद्यात दाबून बसवली. मग त्यावर रंगीत रेती घातलेला दुसरा लगदा रंध्याने घासला. त्याला ते टेक्स्चर म्हणत. वाळल्यावर भिंत खडबडीत बदामी रंगाची झाली, आणि लांबून पाहणाऱ्याला ती दगडी बांधकामासारखी वाटायची. जवळ जाऊन बोटाने ठोकली तर ढब ढब वाजायची.

मी कंत्राटदाराला म्हटले, "म्हणजे तुम्ही भितीले स्वेटर घातलं."

तो हसला. म्हणाला, "बरोबर, मावशी. स्वेटरच समजा."

वैशाखात कोण स्वेटर घालते, असे मी विचारले. तो म्हणाला, हा ऊन बाहेर ठेवणारा स्वेटर आहे. माठाला ओले फडके गुंडाळतात ते मला कळते. हे कळले नाही. पण मुलगा खूश होता, सूनबाई रस्त्यावर उभी राहून मोबाईलवर घराचे फोटो काढत होती, म्हणून मी गप्प बसले.

जाताना कंत्राटदाराने मुलाला चार गोष्टी सांगितल्या. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. वर्षातून एकदा साध्या नळीने आणि मऊ ब्रशने धुवायची. खिडक्यांच्या कडेने आणि पाईप आत जातो तिथे रबरासारखे भरले आहे, ते दरवर्षी बघायचे, चिरले तर खरवडून नवे भरायचे. शिवाय खाली जमिनीजवळ फट ठेवली आहे, तिचे काही सांगितले. त्या वेळी दुधवाला आला आणि मी आत गेले. मुलगा विमेवाल्याला म्हणतो तसा त्यालाही हो हो म्हणत होता.

पहिल्या वर्षी मोठी अडचण खिळ्याची झाली. खिळा न ठोकता घर कसे चालवायचे ते आम्हा दोघींना, म्हणजे मला आणि सूनबाईला, समजेना. दसऱ्याचे तोरण दाराच्या लाकडी चौकटीला गेले, पण दिवाळीचा आकाशकंदील, कपड्यांची दोरी, चाळणी, सूप, सगळे खाली. सूनबाईने चिकटपट्टीने माळा लावल्या, त्या सकाळपर्यंत खाली यायच्या. शेजारची गाय त्या खडबडीत भिंतीला मान घासायला शिकली. तिला ती भिंत फार आवडली. मी काठी घेऊन बसायची, आणि मी जेवायला आत गेले की ती यायची.

आणि खोली थंड झाली का, तर माझ्याने सांगवत नाही. मुलगा हात फिरवून म्हणायचा, पाहा किती फरक आहे. मला फरक वाटायचा तेव्हा वाटायचा. दार दिवसभर उघडे, येणारे-जाणारे चालूच, गरम वारा सरळ आत. पुढच्या उन्हाळ्यात मीच म्हटले की जुना कूलर लावा. मुलाचे तोंड उतरले, पण लावला. इलेक्ट्रिशियनने माझ्या खिडकीखाली लोखंडी स्टँड ठोकला. ठोकला म्हणजे ड्रिलने भोके पाडून बोल्ट घातले, थर्माकोलमधून पार विटेपर्यंत. मुलगा शाळेत होता. सूनबाई इलेक्ट्रिशियनला खिळ्याचे सांगायला गेली, तर तो म्हणाला, वयनी, हा खिळा नाही, बोल्ट आहे.

त्यानंतरच्या भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या आधी घर धुवायचे निघाले. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या आधी घराचा कोपरा न् कोपरा स्वच्छ झालाच पाहिजे. रस्त्याचे काम चालले होते, त्याच्या धुळीने बदामी भिंत काळपट झाली होती. मऊ ब्रशने दोन मजली भिंत कोण घासणार. मुलाने शेतातून फवारणीचा मोठा पंप आणला, कपाशीवर मारतात तो, इंजिनचा. ड्रम भरला, नळी धरली आणि खालपासून वरपर्यंत भिंत धुतली. त्या धारेने गायीच्या अंगावरची माशी मरावी. पण भिंत अशी निघाली की शेजारच्या वयनी बघायला आल्या. म्हणाल्या, "मास्तरनं घरावर फवारा मारला, आता बोंडअळी नाई लागत." सगळे हसले. मीही हसले.

धुणे झाल्यावर आम्ही दोघींनी अंगण सारवले. आमच्याकडे अंगण सारवताना हात जमिनीवर थांबवत नाहीत. सारवण भिंतीवर वीतभर चढवतात आणि वर पांढऱ्या मातीची रेघ ओढतात. जमीन आणि भिंतीचा सांधा उघडा ठेवायचा नसतो, तिथून मुंगी येते, विंचू येतो. माझ्या आईने तसेच केले, मी केले, सूनबाईच्या माहेरीही तसेच. प्रत्येक सणाला एक थर. दोनेक वर्षांत तिथे छान गोल काठ तयार झाला होता. आलेल्या बाया त्याची तारीफ करायच्या.

वैशाखात फुगा आला.

माझ्या खिडकीच्या खाली, बाहेरून, भाकरीएवढा. मी आधी म्हटले, उन्हाने रंग सुटला असेल. नंतर तो परातीएवढा झाला. अंगठा लावला तर भिंत आत गेली, आणि हळूहळू परत वर आली. कडेला एक बारीक चीर होती, तिच्यातून पाण्याचा थेंब बाहेर आला. मी त्याचा वास घेतला. भिजवून विसरलेल्या सरकीच्या ढेपेसारखा वास होता. तोच वास काही दिवस माझ्या खोलीत येत होता आणि मी तो माझ्या गोधडीचा समजून गोधडी दोनदा धुतली होती.

पावसाला जाऊन किती महिने झाले होते. विहिरी तळाला लागल्या होत्या, टँकर सुरू व्हायचे होते. सगळ्या तालुक्याला पाणी नाही आणि माझ्या भिंतीत पाणी. हे कसे, ते कुणालाच सांगता येईना. म्हणजे सांगत सगळेच होते. मुलगा म्हणाला, कूलरचे आहे. सूनबाई म्हणाली, वरच्या न्हाणीचा पाईप फुटला आहे. प्लंबर आला, पाईप पाहून गेला, म्हणाला, पाईप कोरडा ठणठणीत आहे. शेजारच्या वयनी म्हणाल्या, इथे पूर्वी नाला होता, पाणी भुईतून चढते. धाकट्याने पुण्याहून फोनवर सांगितले की हवेतले पाणी आहे, आत गार बाहेर गरम असले की घाम येतो. मी एकेकाचे ऐकायची आणि प्रत्येकाचे मला पटायचे. मग पुढचा यायचा आणि त्याचे पटायचे.

कूलर बंद करून बघायचे ठरले. वैशाखात कूलर बंद, म्हणजे मी काय भोगले ते लिहीत नाही. आठवडा झाला, फुगा तसाच. मुलगा म्हणाला, म्हणजे कूलरचे नाही. सूनबाई म्हणाली, आत गेलेले पाणी आता निघणार कुठून, कूलरचेच असेल पण निघत नसेल. दोघे त्यावरून भांडले. मी विचारले, मग कूलर लावू का. दोघेही म्हणाले, नको.

त्याच दिवसांत मला खोकला लागला. कोरडा, सकाळी उठल्यावर. मी तोंडात पदर धरून खोकायची, कारण मुलगा ऐकत असतो हे मला माहीत होते. एका दुपारी तो शाळेतून आला आणि माझ्या बाजेवर बसला. तो सहसा बसत नाही, दारातूनच बोलतो. बसला म्हणजे काहीतरी ठरवून आला होता.

"माय, तू पुण्याले जाय दिवाळीपर्यंत."

"काऊन?"

"ह्या खोलीत ओल हाये. तुले खोकला येऊन राह्यला."

"खोकला मले तू पोटात होता तवापासून येते."

"थट्टा नको करू. भित खोलाव लागन. धूळ उडन, वास येईन. तू तिकडं आरामात राह्य, आमी इकडचं पाहून घेतो."

मी म्हटले, बघते. तो गेला.

धाकट्याचे घर कितव्यातरी मजल्यावर आहे. लिफ्टचे बटण कोणते दाबायचे ते मला कळत नाही आणि विचारायला तिथे कुणी नसते. चांगले ठेवतो तो मला, त्याला नाव ठेवत नाही. पण दिवाळीपर्यंत म्हणजे काय ते मी पाहिले आहे. आमच्या गावातली माझ्याच वयाची एक बाई महिनाभरासाठी लेकाकडे नाशिकला गेली. महिनाभराने तिची बाज कुणाला तरी देऊन टाकली, खोलीत सोयाबीनची पोती लागली. पुढे एका लग्नाला ती गावात आली तेव्हा तिच्याच घरात तिला पाहुण्यांच्या कपात चहा दिला. तिने तो घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मला ते करायचे नव्हते. मला माझी खोली सोडायची नव्हती, बस इतकेच होते. खोली साधीच आहे. एक खिडकी, एक बाज, एक कपाट, आणि बाहेर न पडता न्हाणी. पण तिथून रस्ता दिसतो आणि कोण कुठे चालले ते मला ओरडून विचारता येते.

मुलाला मला घालवायचे आहे की जगवायचे आहे, हे मला ओळखता येईना. खोकल्याचे औषध त्याने स्वतः आणले, रोज झाकण उघडून चमच्यात ओतून दिले. आणि एका रविवारी तो टेप घेऊन माझ्या खोलीची लांबी-रुंदी मोजत होता. मी विचारले, काय मोजतो. म्हणाला, भिंतीचे माप घेतो, पत्रे किती लागतील. पत्रे बाहेर लागतात, मग माप आतून कशाला. म्हणाला, बाहेर ऊन आहे. ऊन तर होतेच. लबाडाला मी बोलण्यावरून ओळखते, आयुष्यभर बाजार केला आहे. पण तो खरे बोलत असावा असेही वाटे, आणि तसे वाटले की जास्तच घोळ होई.

संभाजीनगरच्या कंत्राटदाराचा फोन लागेना. शेवटी खामगावहून एक पेंटर आला. बोलका होता. आल्या आल्या म्हणाला, असली कामे त्याने बरीच केली आहेत. नंतर चहा पिताना कळले की एक केले होते आणि तेही अर्धे. त्याने फुग्यावर टकटक केली, कान लावला, मग जरा वर, मग बाजूला. म्हणाला, सगळी भिंत आतून पोकळ वाजते. मी म्हटले, थर्माकोल आहे, नवी होती तेव्हाही अशीच वाजायची. तो म्हणाला, हो, ते पण आहे.

मग त्याने पात्याने फुग्यावर चौकोन कापला, कलिंगड पिकले का बघायला कापतात तसा. वरचे खडबडीत साल जाळीसकट ओढले. ते चामड्यासारखे सुटून आले. आतून पाणी निघाले, फार नाही, लोटाभर. मागोमाग मुंग्या, पांढरी अंडी तोंडात धरून. थर्माकोलात त्यांनी बोगदे केले होते, गल्लीबोळ असलेले अख्खे गाव. पत्र्याच्या मागचा गिलावा काळा पडला होता. मी हात लावला, थंड आणि बुळबुळीत. एवढ्या दिवसांत त्या भिंतीत तेवढीच जागा थंड सापडली.

पेंटरने कुणाला तरी व्हिडिओवर फोन लावला आणि मोबाईल भिंतीकडे धरला. फोनमधला माणूस म्हणाला, पाणी निघायची खालची फट मोकळी आहे का.

पेंटर म्हणाला, "कोणती फट?"

सगळ्यांनी खाली पाहिले. फट कुठेच नव्हती. तिथे आमचा काठ होता, घट्ट, गोल, वर पांढरी रेघ. मुलाने सूनबाईकडे पाहिले. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "विंचू कोठून येते ते त्या फोनवाल्याले इचार."

मुलाने पेचकसाने तो काठ उकरला. एका जागी माती सुटली आणि पाण्याची ओळ अंगणात आली, थोडी वाहिली आणि थांबली. पेंटर म्हणाला, सापडले. मुलाच्या जिवात जीव आला. सूनबाई रडायला टेकली होती, मी तिला म्हटले, रडू नको, सारवण पाणी आणत नाही, फार तर अडवते. पेंटर म्हणाला, हेही बरोबर आहे. मग त्याने कूलरचे बोल्ट बघितले, गंजलेले, कडेने ओल. खिडकीच्या कडेचे रबर बघितले, नख जाईल एवढी चीर. पंपाने भिंत धुतली हे कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. इतकी कारणे निघाली की कारण कोणते ते परत हरवले. मी त्याला सरळ विचारले, यातले पाणी कशाचे. तो म्हणाला, मावशी, पाण्यावर नाव लिहिलेले नसते.

पण करायचे काय ते त्याने सांगितले. पश्चिमेचा खालचा सगळा थर्माकोल काढायचा. वीट दोन-तीन महिने वाळू द्यायची. मग परत पत्रे, परत जाळी, परत टेक्स्चर. मध्ये पावसाळा येणार, तेव्हा ताडपत्री. तोवर खोलीत कुणी राहू नये.

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, की तिकीट काढतो.

मी बाजेवर बसून होते. खिडकी उघडी होती, ते तिघे बाहेर. मी आतूनच म्हटले, "काढा सगळं. पण परत नका लावू. साधा सिमेंटचा गिलावा करा, वर चुना मारा. ओल दोन्हीकडून सुकन. मी इथंच राहीन."

"उन्हाळ्यात भाजशील, माय."

"भाजीन."

"अन् वास?"

"वास मले येऊन राह्यला का तुले?"

सूनबाई म्हणाली, असे केले तर घर अर्धे बदामी आणि अर्धे पांढरे दिसेल, तेही रस्त्याच्या बाजूने. ते खरे होते. तिला त्या भिंतीचे फार कौतुक होते, माहेरची माणसे आली की ती आधी रस्त्यावर नेऊन घर दाखवायची. मी म्हटले, दिसेल तर दिसेल. तिने रस्त्याकडे पाहिले. मग नवऱ्याला म्हणाली, "राहू द्या आत्याबाईले इथंच. पुण्याले लिफ्टमंदी अडकल्या तर तिथून फोन आपल्यालेच येईन."

हे ती माझ्या बाजूने बोलली की वैतागून, ते मला कळले नाही. मी विचारलेही नाही.

मुलगा आत आला. पेंटर तिकडे हात धूत होता. मुलगा कपाटाला टेकून उभा राहिला. मला वाटले आता ओरडेल. त्याने आवाज वाढवला नाही.

"हे भित म्या तुह्यासाठीच केली होती वं, माय."

"मले मालूम हाये."

"मंग?"

मला थंडावा नको होता असे नाही. त्याने माझ्यासाठी केलेली वस्तू मी माझ्या हाताने उखडायला सांगत होते, तेही खरे. पण ती वस्तू ठेवायची तर मला जावे लागत होते. हे त्याला दिसत कसे नाही, की दिसत होते, याच विचारात मी अडकले. मग तो पेंटरला सांगायला गेला की गिलाव्याचे बघा.

थर्माकोल काढताना सगळ्या वाडीत पांढरे दाणे उडाले. वारा सुटला आणि ते शेजारच्या शेतात, तुळशीत, पाण्याच्या टाकीत. लांबून वाटे कुणी कापूस पिंजतो आहे. कोंबड्यांनी ते खाल्ले आणि त्यांना काहीही झाले नाही. डाळ पाखडताना अजून एखादा दाणा सुपात सापडतो. भिंत उघडी झाली तेव्हा तिच्यावर कुठे काळे, कुठे हिरवे, कुठे डिंकाचे डाग, सगळ्या रस्त्याला दिसेल असे. मी आत बाज टाकून होते. धूळ आली, वास आला. धूळ मला नवी नाही, तूर झोडताना याच्या दहापट खाल्ली आहे. वास महिनाभर होता, मग मला येईनासा झाला. गेला की माझे नाक मेले, सांगता येत नाही. खोकला पावसाळाभर राहिला आणि थंडीत थांबला. थंडीत खोकला वाढतो असे सगळे म्हणतात. माझा थांबला.

पुढचा उन्हाळा मी साध्या भिंतीत काढला. दुपारी भिंतीला हात लावता येत नव्हता. बाज खोलीच्या मध्ये ओढून, कूलर लावून पडून राहायची. कूलर आता वेगळ्या स्टँडवर होता, भिंतीपासून सुटा. मुलगा यायचा, विचारायचा, गरम होते का. मी म्हणायची, नाही. दोघांनाही खरे माहीत होते.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी वरच्या मजल्यावर फुगा आला. माझ्या खोलीच्या बरोबर वर मुलाची आणि सूनबाईची खोली आहे, तिथला थर्माकोल काढला नव्हता. तिथे कूलर नव्हता, सारवण नव्हते, बोल्ट नव्हता. खामगावचा पेंटर परत आला. या वेळी गच्चीवर चढला आणि तिथूनच ओरडला. गच्चीच्या कठड्यावर टेक्स्चर जिथे संपते, तिथे वरून काहीच झाकण नव्हते. जाळीची कड उघडी होती. पाऊस, पंप, जे काही पडेल ते तिथून सालाच्या आत शिरणार आणि खाली उतरणार.

मी खालून विचारले, मग माझ्या खोलीचे पाणीही वरूनच आले होते का. तो म्हणाला, असू शकते. मी विचारले, मग सारवणाचे काय. तो म्हणाला, तेही असू शकते. सूनबाई माझ्या शेजारी उभी होती. वर्षभर तिने अंगणाची कड सारवताना हात दोन बोटे अलीकडे थांबवला होता.

वरच्या भिंतीवर चौकोन कापला आणि तोच वास निघाला. पेंटरने तेच सांगितले. सगळे काढा, वाळू द्या, तोवर खोलीत राहू नका. मुलगा तिथेच जिन्यात बसला. परत टेक्स्चर करायचे की साधा गिलावा, ते त्याने ठरवले नाही, अजून ठरवलेले नाही. धाकट्याचा फोन आला. मी म्हटले, पुण्याला पाठवू का या दोघांना. तो हसला. जिन्यात बसलेला मोठा मुलगा हसला नाही.

दुपारी त्यांनी गादी आणि लोखंडी पलंग जिन्यावरून खाली आणला. बैठकीत जागा नव्हती, तिथे खताची पोती होती. पलंग माझ्या खोलीत आला. मुलाने टेप आणला आणि मोजायला लागला. मी म्हटले, मोजून काय होणार, सरकवून बघ. सरकवला, तरी पलंग आणि कपाट यांच्यात माणूस जाईना. सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, तुमची बाज तेवढी कोपऱ्यात घ्या ना, थोडे दिवस."

मी बाज हातभर सरकवली. खिडकीची जागा सोडली नाही. कपाट बाहेर काढा, असे मुलाला सांगितले.